भावकीचा दावा आपसात मिटवायचा असेल तर

प्रश्न थोडक्यात असा. वडील 9 वर्षांपूर्वी गेले, मृत्युपत्र नाही. मागे आई, तीन भाऊ आणि एक लग्न झालेली बहीण. एकाच गटात 12 एकर जमीन आहे: रस्त्याला लागून 4 एकर बागायत, तिच्यामागे 5 एकर जिरायत आणि शेवटी 3 एकर मुरमाड माळ. विहीर रस्त्याकडच्या भागात. आई थोरल्याकडे राहते आणि रस्त्याकडची चारही एकर तोच कसतो. विचारणारे मधले, गावात राहून शेती करणारे. धाकटा पुण्यात नोकरीला. वाटपाच्या दाव्याला 6 वर्षं झाली. वकील म्हणतात, निकाल आपल्याच बाजूनं लागेल. आई म्हणते, मिटवा. आणि त्यांचा सवाल असा: "तडजोड म्हणजे मीच सोडायचं का? सोडायचं तर किती?"

"किती" हा प्रश्न जरा बाजूला ठेवा. तुमच्या भांडणात दोन वेगळे वाद एकमेकांत गुंतले आहेत. एक हिश्श्याचा, दुसरा वहिवाटीचा. हिस्सा किती हे कायदा सांगतो आणि तुमच्या बाबतीत तो जवळजवळ निर्विवाद आहे. कोणत्या दिवशी कोणी मोटर चालू करायची, माळावर ट्रॅक्टर कुठून न्यायचा, उभ्या उसाचं काय करायचं, हे मात्र कोणताही हुकूमनामा नीट सांगत नाही. दावा जिंकून आलेले भाऊ पुढच्याच हंगामात पुन्हा मामलेदाराकडे रस्ता अडवल्याची तक्रार घेऊन जातात, त्याचं कारण हेच. तडजोडीची किंमत या दुसऱ्या वादात आहे, म्हणून मेहनतही तिथेच घ्यायची.

आधी हिश्श्याचं उरकून टाकू. अशा दाव्यांत "जमीन वडिलोपार्जित की वडिलांची स्वकष्टार्जित" यावर वर्षानुवर्षं साक्षी-पुरावे चालतात. तुमच्या घरात त्यानं काहीच फरक पडत नाही. स्वकष्टार्जित धरली तर आई आणि चार मुलं मिळून पाच वारस, प्रत्येकी 1/5. वडिलोपार्जित धरली तर वडिलांच्या मृत्यूच्या क्षणी वाटणी झाली असं मानायचं: वडील, आई, तीन मुलगे, एक मुलगी असे सहा वाटे. मग वडिलांचा 1/6 पुन्हा पाच जणांत, म्हणजे प्रत्येकी 1/30. 1/6 अधिक 1/30 म्हणजे पुन्हा 1/5 च. क्षेत्रात मोजलं तर प्रत्येकी 2 एकर 16 गुंठे. हे उत्तर बदलेल ते मृत्युपत्र निघालं तर, वडिलांच्या हयातीत खरी वाटणी झालेली असेल तर, किंवा वडिलांच्या भावांचा हक्क अजून त्या गटात शिल्लक असेल तर. जुने फेरफार (सातबाऱ्यावरच्या बदलांच्या नोंदी) काढून हे तिन्ही तपासा. यांपैकी काही नसेल तर तुमच्या दाव्यातला अर्धा कागद निरर्थक आहे.

बहिणीबद्दल गावात अजूनही "तिचं लग्न झालं, हुंडा दिला" असं बोललं जातं. 9 सप्टेंबर 2005 पासून मुलगी जन्मानंच सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच वडिलोपार्जित मिळकतीची हिस्सेदार, आहे, आणि 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की 2005 साली वडील हयात होते की नव्हते याचा त्या हक्काशी संबंध नाही. अपवाद मुख्यतः 20 डिसेंबर 2004 पूर्वी झालेल्या नोंदणीकृत किंवा कोर्टातून झालेल्या वाटणीचा. त्यामुळे ताईला बाजूला ठेवून तुम्ही तिघांनी काहीही मिटवलंत तरी ते मिटलेलं नसेल. भाऊबीजेला बोलावून हक्कसोड पत्रावर सही घ्यायची पद्धत आहे, ती मला तडजोड वाटत नाही. तिला खरोखर सोडायचं असेल तर ते तिनं आकडा पाहून, एक रात्र मध्ये जाऊ देऊन, नोंदणीकृत दस्तानं सोडावं. आकडा न दाखवता घेतलेली सही दहा वर्षांनी भाचे कोर्टात घेऊन येतात.

आता वकील म्हणतात तसं "जिंकलात" तर काय होईल ते पाहा. वाटपाच्या दाव्यात पहिला हुकूमनामा प्राथमिक असतो, त्यात फक्त "वादीचा हिस्सा 1/5" असं ठरतं. शेतसारा असलेल्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 54 प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं. तिथून तहसीलदार, तिथून भूमी अभिलेख, मोजणी, वाटप तक्ता, हरकती, मग ताबा. मध्ये कोणी अपील केलं की गाडी थांबते. आणि वाटप करणारा अधिकारी न्यायाला धरून चालला तर प्रत्येक प्रतीच्या जमिनीतून प्रत्येकाला थोडं थोडं देईल. म्हणजे 4 एकर बागायतीचे पाच तुकडे, जिरायतीचे पाच, माळाचे पाच. साडेतीनशे फूट लांब आणि 3 फूट रुंद बांध म्हणजे जवळपास 1 गुंठा. इतके बांध घातल्यावर किती गुंठे गवताखाली जातील ते तुम्हीच मोजा. तडजोडीत तुम्ही काय सोडता याची तुलना या चित्राशी करायची, मनातल्या आदर्श वाट्याशी नाही.

बैठक बोलावण्याआधी कागद हातात हवेत: चालू सातबारा, 8अ, जुने फेरफार, गट नकाशा, आकारबंद, विकास सोसायटीच्या किंवा बँकेच्या कर्जाच्या बोजाचा तपशील, वीज कनेक्शनचं बिल. आणि मोजणी. सातबाऱ्यावर 12 एकर असते आणि जागेवर शेजाऱ्याचा बांध सरकलेला असतो, पोटखराबा (लागवडीलायक नसलेला भाग) वेगळा निघतो. आधी बोलणी आणि मग मोजणी केली की कमी भरलेले गुंठे कुणाच्या वाट्यातून जायचे यावर सगळं मोडतं. मोजणीचा अर्ज सगळ्यांच्या सहीनं करा, फी पाच हिश्श्यांत भरा. पैसे सगळ्यांचे गेले की "तुम्ही मोजणीदार फिरवला" हा आरोप सहसा येत नाही. मोजणीची क प्रत, म्हणजे मोजणीनंतर मिळणारा हद्दीचा अधिकृत नकाशा, ही पुढच्या सगळ्या बोलण्याची जमीन आहे.

मग क्रम असा: रस्ता, पाणी, जमिनीची प्रत (म्हणजे कस), आणि सगळ्यात शेवटी वाटे. बहुतेक घरं उलट चालतात, आधी वाटे आणि मग पाणी. त्यातच घोळ होतो.

रस्ता आधी, कारण तो एकूण क्षेत्रातून वजा करायचा असतो. तुमचा माळ शेवटी आहे, म्हणजे पुढच्या 9 एकरांतून वाट काढावी लागेल. रस्त्याकडची रुंदी 500 फूट धरली तर 9 एकरांची खोली साधारण 785 फूट होते. 12 फुटी वाट सोडली तर जवळपास साडेआठ गुंठे जातात. ट्रॅक्टर-ट्रॉली 12 फुटांत निघते, पण उसाचा ट्रक वळवायचा असेल तर वळणाच्या जागी जास्त लागतं. ही वाट गटाच्या एका कडेनं, सगळ्यांच्या सामाईक मालकीत दाखवा आणि नकाशावर फुटांसहित लिहा. "पूर्वीपासूनच्या वहिवाटीप्रमाणे" असं वाक्य दस्तात घालू नका. ती वहिवाट कुठली, हे सांगणारा माणूस एक दिवस नसतो.

पाण्याला मात्र वेळ द्या, कारण यावर जमिनीची प्रत ठरते. मधली 5 एकर विहिरीच्या पाण्याशिवाय जिरायत आहे. पाळी ठरली आणि पाईपलाईन गेली तर ती निम्मी बागायत झाली. म्हणून पाणी ठरल्याशिवाय जमिनीचं मोल ठरवता येत नाही.

पाळी बांधताना पहिली चूक म्हणजे वार ठरवणं. "सोमवार-मंगळवार थोरल्याचे" असं लिहिलं जातं. बऱ्याच फीडरवर शेतीपंपाची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री अशी येते आणि ते वेळापत्रक आठवड्याशी बांधलेलं असतं. वार पक्का केला की एकाच्या नशिबी कायम रात्रीचं पाणी येतं, बिबट्याच्या भागात तर ते जिवावरचं काम. म्हणून पाळीचा फेरा सातनं भाग न जाणारा ठेवा. तुमच्याकडे पाच हिस्से आहेत, तर 5 दिवसांचा फेरा: आईचा एक दिवस, थोरल्याचा एक, तुमचा एक, ताईचा एक, धाकट्याचा एक. 35 दिवसांत प्रत्येकाला प्रत्येक वार एकदा येतो. 10 दिवसांचा फेराही चालेल, पण उन्हाळ्यात भाजीपाला आठ दिवस थांबत नाही. धाकटा कसत नसेल तर त्याचा दिवस तो तुम्हाला किंवा थोरल्याला खंडानं, म्हणजे भाड्यानं, देऊ शकतो. पाळीचा दिवस ही त्याची मिळकत आहे असं लिहिलं की गावात नसलेला भाऊही करार जपतो.

दुसरी चूक बुडालेल्या पाळीबद्दल गप्प राहणं. डीपी (ट्रान्सफॉर्मर) जळाला, मोटर जळाली, तर ज्याचा दिवस होता त्याचं काय? नियम साधा ठेवा: ठरलेल्या वीजपुरवठ्याच्या निम्म्याहून कमी तास मिळाले तर पाळी दुसऱ्या दिवशी त्याचीच, आणि पुढचा फेरा एक दिवस सरकतो. निम्मे किंवा जास्त तास मिळाले तर पाळी झाली. मोटर रिवाइंडिंग, फूटव्हॉल्व, केबल, स्टार्टर यांचा खर्च पाचात. ज्याच्या शेतातली पाईप फुटली तिचा खर्च त्याचा. मोटर एकच ठेवा. एका विहिरीत चार मोटरी बसल्या की पाळी कागदावर राहते आणि ज्याची मोटर मोठी त्याचं पाणी.

उन्हाळ्याचं वेगळं लिहावं लागतं. विहिरीच्या आत एक खूण ठरवा, एखादी पायरी किंवा कडं. पाणी त्याखाली गेलं की दिवसाऐवजी तासांची पाळी सुरू होते, आधी पिण्याचं आणि जनावरांचं, मग उभी फळबाग, आणि नवं उन्हाळी पीक कुणीच घ्यायचं नाही. झरे भरायला लागणारा वेळ तुमच्या विहिरीवर अवलंबून आहे, तो दोन-तीन दिवस मोजून घ्या. अंदाजानं लिहिलेले तास मे महिन्यात भांडण लावतात.

वीज कनेक्शन अजून वडिलांच्या नावावर असेल, किंवा थोरल्यानं परस्पर आपल्या नावावर करून घेतलं असेल. ज्याच्या नावावर मीटर, त्याच्या हातात विहीर. कनेक्शन कुणाच्याही नावावर राहो, "हे पाच जणांचं सामाईक आहे" हे दस्तात हवं आणि विहीर व पाईपलाईनचा हक्क सातबाऱ्याच्या इतर हक्कांत यायला हवा.

आता प्रत. रेडी रेकनरचा (सरकारी मूल्यांकनाचा) दर इथे कामाचा नाही, तो एका गटातली काळी आणि माळ वेगळी धरत नाही. गावात त्या त्या भागाचा एकरी खंड काय चालतो हे जास्त खरं माप आहे, कारण तो पैसा कुणीतरी खरंच मोजतो. दुसरा मार्ग: प्रत्येक हिस्सेदारानं, कोणता वाटा कुणाचा हे ठरण्याआधी, तिन्ही प्रतींना गुण लिहून पाकिटात द्यायचे. सगळे आकडे चढत्या क्रमानं मांडून मधला घ्यायचा. सरासरी घेऊ नका. एकानं मुद्दाम टोकाचा आकडा लिहिला तर सरासरी ओढली जाते, मधला आकडा तसाच राहतो.

समजा आकडे असे आले: रस्त्याकडची एकरी 100, मधली 60, माळ 30. (रस्त्याचे गुंठे इथे सोपेपणासाठी वजा केलेले नाहीत.) एकूण 400 अधिक 300 अधिक 90 म्हणजे 790 गुण, प्रत्येकी 158. थोरल्याला चारही एकर हवी आहेत, म्हणजे 400 गुण. आईचा वाटा त्याच्याशेजारी ठेवला तरी दोघांचे 316 होतात. 84 गुण जादा. "थोरल्यानं अन्याय केला" असं गावभर सांगण्यापेक्षा बैठकीत 84 हा आकडा टेबलावर ठेवणं पुष्कळ परिणामकारक असतं. आता त्याच्यापुढे जमीन सोडणं किंवा पैसे देणं एवढेच रस्ते राहतात.

एक मांडणी अशी निघते. आई आणि थोरला मिळून रस्त्याकडची 2 एकर 20 गुंठे आणि मधली 1 एकर 4 गुंठे, 316 गुण. तुम्ही रस्त्याकडची 1 एकर आणि मधली 39 गुंठे, 158.5. ताई रस्त्याकडचे 20 गुंठे आणि मधली 1 एकर 32 गुंठे, 158. धाकटा मधली 1 एकर 5 गुंठे आणि सगळा माळ, 157.5. रस्त्याकडची आणि मधली पट्टी एकाला एक लागून आखली तर बांध कमी पडतात, आणि धाकट्याची मधली जमीन त्याच्या माळाला जोडून येते.

क्षेत्र पाहिलंत तर तुमच्या वाट्याला 1 एकर 39 गुंठेच येतात. 2 एकर 16 गुंठ्यांपेक्षा 17 गुंठे कमी. धाकट्याला 4 एकर 5 गुंठे. पारावर लोक म्हणणार, मधल्यानं 17 गुंठे सोडले. गुणांत तुम्ही काही सोडलेलं नाही, उलट 1 एकर रस्त्याकडची आणि पाचात एक दिवस पाणी घेतलं, जे आज तुमच्या हातात नाही. "किती सोडायचं" या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एवढंच: क्षेत्रात सोडा, मोलात सोडू नका. कसणाऱ्यानं पाणी आणि रस्ता धरावा, गावात नसलेल्यानं क्षेत्र धरावं. हे जमतं, कारण तुम्हा चौघांच्या गरजा वेगळ्या आहेत. चौघंही त्याच चार एकरांवर पोट भरत असते तर हे इतकं सोपं गेलं नसतं आणि मी तुम्हाला वेगळं काही सांगितलं असतं.

तुकडेबंदीचं, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडे पाडायला बंदी घालणाऱ्या कायद्याचं, भान ठेवा. 2023 च्या अधिसूचनेनं बहुतेक जिल्ह्यांत किमान क्षेत्र बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे केलं आहे. वाटणीतसुद्धा त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही. वरच्या मांडणीत ती अडचण येत नाही, पण ताईला "नावापुरते 5 गुंठे" देण्याचा विचार कुणी मांडला तर तो तिथेच थांबतो.

थोरल्याला चार एकर का हवी, हे मात्र विचारल्याशिवाय कळणार नाही. बहुतेकदा अशा हट्टामागे केलेला खर्च असतो: विहीर खोल केली, ठिबक टाकलं, बांधबंदिस्ती केली, आणि "माझं फुकट जाईल" ही भीती. तसं असेल तर त्याचा हिशेब वेगळा करा. बिलं पाहा, वापराच्या वर्षांप्रमाणे घट धरा, उरलेली रक्कम बाकीच्यांनी हिश्श्यानं द्यायची किंवा त्याच जागेचा वाटा त्याला द्यायचा. समोर त्यानं इतकी वर्षं एकट्यानं घेतलेलं उत्पन्न येईल. दोन्ही बाजू लिहिल्या की पुष्कळदा एकमेकांत जिरतात, आणि "दोन्ही बाजूंचा मागचा हिशेब फिटला" हे एक वाक्य दस्तात येतं. ते वाक्य विसरू नका. ते नसेल तर जमिनीचं मिटतं आणि उत्पन्नाचा नवा दावा उभा राहतो.

आईच्या 1/5 बद्दल एक सावधगिरी. आई थोरल्याकडे आहे म्हणून तिचा वाटा थोरल्याच्या नावावर चढवायचा, असा प्रस्ताव हमखास येतो. आईचा वाटा आईच्याच नावावर, वेगळ्या हिश्श्यानं राहू द्या, थोरल्याच्या शेजारी. कसायचा त्यानं, त्याबद्दल तिची देखभाल त्यानं करायची. पुढे तिला मृत्युपत्र करायचं असेल तर तो तिचा अधिकार. नाहीतर तो चौघांत समान जाईल. आज यावर घाई केली की थोरल्याला आईची आणि तुम्हाला आईच्या जमिनीची काळजी आहे असं चित्र उभं राहतं, आणि त्यातून बाहेर येणं अवघड असतं.

एकमेकांवर विश्वास अगदीच उरला नसेल तर जुनी रीत वापरा: वाटे पाडायचे एकानं, आधी उचलायचं दुसऱ्यानं. अनेक गावांत थोरला वाटे पाडतो आणि धाकटा पहिला उचलतो. वाटे पाडणाऱ्याला शेवटचा वाटा मिळणार असल्यानं तो आपोआप समान पाडतो. दोघांत हे उत्तम चालतं. पाचात चालवायचं तर आई-थोरला असा एक गट धरावा लागतो आणि उचलायच्या क्रमाच्या चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. गरजा इतक्या वेगळ्या असताना मी चिठ्ठीपर्यंत जाणार नाही. पुण्यातल्या भावाला रस्त्याकडची आणि तुम्हाला माळ निघाला तर कुणाचंच भलं झालं नाही.

बैठकीला कोण बसतं यावर बरंच ठरतं. पुरुषांनी पारावर मिटवलेलं त्याच रात्री स्वयंपाकघरात मोडतं, म्हणून वहिनी, तुमच्या पत्नी आणि ताई पहिल्या बैठकीपासून हव्यात. ताईचे यजमान आले तर येऊ द्या, बोलायचं ताईनं. पंच म्हणून गावातला पुढारी नको, त्याचं मतांचं गणित असतं. दोन्ही बाजूंना चालणारा एखादा निवृत्त शिक्षक किंवा मामा चालेल, किंवा सरळ कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात जा. तिथलं बोलणं गोपनीय असतं. बोलणी फिसकटली तरी तुम्ही तिथे मान्य केलेला आकडा उद्या साक्षीत तुमच्याविरुद्ध वापरता येत नाही. घरच्या बैठकीत ही सोय नसते, तिथे जपून बोला. पहिल्या बैठकीत आकडे नकोतच, फक्त क प्रत पसरायची आणि रस्ता ठरवायचा. एक लहान गोष्ट आधी ठरली आणि पाळली गेली की पुढची ठरते. रस्त्याचे दगड रोवल्यावर ते आठ दिवसांत उपटले गेले, तर समजा की अजून वेळ आलेली नाही.

तडजोड करू नये अशाही जागा आहेत. खोटं मृत्युपत्र किंवा खोटी सही असेल तर आधी त्यावर बोला, ती झाकून वाटे पाडू नका. मारहाण किंवा जबरदस्तीनं ताबा चालू असेल तर आधी मनाई हुकूम, मग बैठक. दावा चालू असताना कुणी तुकडा विकला असेल तर घेणारा बैठकीत हवा. कुणाचा वारस अज्ञान (18 वर्षांखालचा) असेल तर दाव्यातल्या तडजोडीला कोर्टाची परवानगी लागते, ती घेतली नाही तर अज्ञान मूल मोठं होऊन सगळं उलटवू शकतं.

ठरल्यावर ते कागदावर कसं आणायचं? दावा चालू आहे, म्हणून पाचशेच्या स्टॅम्पवर नोटरी करून घरी ठेवू नका. त्याला वाटणीपत्राचं बळ नाही. दोन नीट मार्ग आहेत. एक, त्याच कोर्टात तडजोड पुरसीस, म्हणजे तडजोडीचं निवेदन: लेखी, सगळ्या पक्षकारांच्या सहीनं, सोबत क प्रतीवर आखलेला नकाशा. आई किंवा ताई पक्षकार नसतील तर आधी त्यांना करून घ्या. तडजोडीच्या हुकूमनाम्यावर अपील होत नाही आणि तो रद्द करायला वेगळा दावाही लावता येत नाही. म्हणूनच सही करण्याआधी मसुदा आठ दिवस प्रत्येकाच्या घरी राहू द्या. दुसरा मार्ग लोकअदालत: तिथला निवाडा 1987 च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याप्रमाणे दिवाणी हुकूमनाम्यासारखाच अंतिम असतो आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते. दाव्यात नसलेली मिळकत, समजा गावठाणातली जागा, तडजोडीत घातली तर त्या भागापुरती नोंदणी लागते. शेतजमिनीच्या वाटणीला मुद्रांक नाममात्र आहे, पण तो लागतो. त्यानंतर पोटहिस्सा मोजणी, हद्दीचे दगड आणि फेरफार. फेरफार मंजूर होऊन नवे सातबारे हातात येईपर्यंत काम संपलेलं नाही. दावा नसलेल्यांनी हेच काम सगळ्यांच्या संमतीनं तहसीलदारांकडे, जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली करावं.

मसुद्यात ताब्याची तारीख लिहिताना उभ्या पिकाचा विचार करा. पाडव्याच्या सुमारास रब्बी निघालेली असते, शेतं मोकळी असतात, म्हणून ती तारीख सोयीची. पण थोरल्याच्या चार एकरांत ऊस असेल तर "चालू ऊस तुटल्यावर, खोडवा (तोडलेल्या उसाच्या बुडख्यातून पुन्हा वाढणारं पीक) न ठेवता" असे शब्द हवेत. नाहीतर तो खोडवा ठेवेल, तो तुटायला आणखी वर्ष जाईल आणि तुम्ही पुन्हा कोर्टात असाल. पैशाची देवाणघेवाण असेल तर रक्कम, तारीख, बँकेतूनच, आणि चुकल्यास काय हेही लिहा. सोसायटीचं कर्ज कोणत्या वाट्यावर राहणार तेही तिथेच. पूर्ण गटावर बोजा राहिला तर एकाच्या थकबाकीत पाचही जण अडकतात.

शेवटी तुमचा लहान प्रश्न होता, वकिलांना आत्ता सांगू की ठरल्यावर? आत्ता सांगा. मोजणीसाठी एक-दोन तारखा घ्याव्या लागतील, ताईला पक्षकार करायचं असेल तर अर्ज द्यावा लागेल, आणि पुरसीस शेवटी त्यांनाच लिहायची आहे. समोरच्या वकिलांशीही त्यांनाच बोलू द्या. आणि दोन्ही वकिलांची राहिलेली फी आधीच विचारून घ्या, म्हणजे पुरसीस दाखल करायच्या दिवशी त्यावरून अडणार नाही.